सत्तेचाळीस नंबरचा शिक्का

झारेचिन्स्क, ९ जुलै २०००

प्रिय वेन्का,

(आणि पहिल्या विभागातले साहेब, तुम्हालाही नमस्कार. पत्रं उघडून वाचता त्याबद्दल तक्रार नाही, पण पाकीट परत चिकटवताना डिंक जरा नीट लावा. मागचं माझ्या भावाला उघडंच मिळालं.)

आमच्या कारखान्यात गुणवत्ता आली आहे. हसू नकोस, १२ एप्रिलला आली. गेल्या ऑक्टोबरात रॉकेट चौथ्या मिनिटाला माळावर येऊन आपटलं, त्याची चौकशी करणाऱ्यांनी पाच महिने चहा पिऊन शोध लावला की आमच्या इंजिनात ‘बाहेरचा कण’ गेला होता. बाहेरचा म्हणजे कुणाचा, ते लिहिलं नाही. मग मॉस्कोने आम्हाला पेरेपेल्किन नावाचा गुणवत्ता संचालक पाठवला. वय चौतीस, बूट चकाचक. आधी तो आइसक्रीमच्या कारखान्यात होता आणि तिथे म्हणे त्याने आइसक्रीम फार विश्वासार्ह करून दाखवलं.

त्याने फाटकावर दिव्यांचा फलक लावलाय: ‘सलग निर्दोष दिवस’. आज ८८ आहेत. ज्या विभागाने दोष कळवला त्याची मानाची लाल पताका काढून घेतात आणि फलक शून्यावर येतो. त्यामुळे एकदम काय चमत्कार झाला बघ, कारखान्यात दोषच उरले नाहीत! वाकडा माल निघाला की तो ड्रॉवरमध्ये जातो, आमच्याकडे त्याला ‘आजारी रजा’ म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी दोन व्हॉल्व्ह नापास केले, तर आमच्या विभागात तीन दिवस मला कुणी चहा विचारला नाही. बत्तीस वर्षं निरीक्षक आहे मी, पण असं वाळीत कधी टाकलं नव्हतं. शेवटी पेरेपेल्किनने ते दोन दोष ‘मोहिमेपूर्वीचे’ ठरवले आणि सगळे सुखी झाले.

क्ष-किरणाचं यंत्र मार्चपासून बंद आहे. नळी गेली, नवी मॉस्कोहून यायचीय. फलकाचे दिवे मात्र आठवड्यात आले. तोवर मी आपली दिवा, आरसा आणि बोट यांवर भागवते.

रेल्वेच्या गार्ड न्यूराबरोबर चार बरण्या काकड्या पाठवते आहे. काचघरातल्या पहिल्या आहेत. झाकणावर तारीख टाकली आहे, नेहमीसारखी.

तुझी लिदा


बायकोनूर, २६ जुलै २०००

आदरणीय लिदिया प्लातोनोव्ना,

काकड्या पोचल्या. पत्रही पोचलं, पण ते पत्र होतं की भिंतीवरची जाहिरात? एका पानात सहा ओळी! कागद फुकट मिळायला लागला का तुमच्याकडे? आईला लिहायचीस तेव्हा पोस्टकार्डावर सगळ्या गावाची कुचाळकी मावायची.

इकडे बेचाळीस अंश आहे. नळाला पाणी दोन तास, तेही आपल्या मर्जीने. काल एक उंट कार्यालयाच्या सावलीत बसला तो उठेचना. दामीर इल्यासोविच, आमचे जुळणी प्रमुख, म्हणाले, “बसू दे, इथे निदान एक जण तरी वेळेवर हजर असतो.”

आणि आमच्याकडेही गुणवत्ता आली आहे बरं का. ती जर्मन आहे. नाव हेर क्लिंगबाइल. उपग्रह ज्यांचा, त्यांचा हा माणूस. हातात वही, पायात पांढरे मोजे, आणि तोंडात एकच प्रश्न: “हे चांगलं आहे हे तुम्हाला कसं कळलं?” प्रत्येक बोल्टपाशी विचारतो. दामीर इल्यासोविचना विचारलं तर ते म्हणाले, “वाईट असतं तर मी ओरडलो असतो.” तेही त्याने लिहून घेतलं.

ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हबद्दल त्याने मला विचारलं. मी म्हटलं, “यावर सत्तेचाळीसचा ठसा असतो.” तो म्हणाला, “सत्तेचाळीस काय आहे?” मी म्हटलं, “माझी मोठी बहीण. शिक्का गळ्यात दोरीला बांधून फिरते. तिने माझी पहिली बायको बघितली आणि दारातच नापास केली, मी ऐकलं नाही, तीन वर्षांत यंत्रणा कोसळली.” लिदा, त्याने हेही लिहून घेतलं! आता विमावाल्यांच्या कागदात तू आहेस.

मस्करी सोडून सांगतो. हेही रॉकेट पडलं तर परदेशी गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाणार, आणि तुमच्या कारखान्याला कुलूप लागणार. फलकावरचे दिवे चालू ठेवून लावतील, पण लावतील.

यंदा ऑक्टोबरात ये ना. बत्तीस वर्षं व्हॉल्व्ह पाठवतेस आणि एकही रॉकेट उडताना बघितलं नाहीस. लाज वाटते मला लोकांना सांगताना.

तुझा वेन्या


झारेचिन्स्क, ३० ऑगस्ट २०००

वेन्का,

अक्षर मोठं काढते कारण तू लहानपणापासून मठ्ठ आहेस, बारीक लिहिलेलं तुझ्या डोक्यात शिरत नाही. झालं समाधान?

उशीर झाला, कारण १२ ते २६ ऑगस्ट मी आरोग्यधामात होते. हो, मी! पित्ताशयासाठी गंधकाचं पाणी पीत होते. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो आणि डॉक्टर म्हणतात, हाच तर त्याचा गुण. माझ्या शेजारच्या खाटेवर अकाउंट्समधली एक बाई होती, ती दिवसभर आपल्या सुनेचे दोष मोजायची. तिला म्हटलं, आमच्याकडे या, आमच्याकडे मोजणारे कमी पडलेत.

मी नव्हते तरी फलक काही शून्यावर आला नाही. आज १४० आहे. पेरेपेल्किन दोनशेव्या दिवसाला मोठा केक मागवणार आहे, त्यावर साखरेचं रॉकेट. माझी शिष्या ताया मला म्हणते, “लिदिया प्लातोनोव्ना, केक वाकडा निघाला तर कोण नापास करणार?” तेवीस वर्षांची पोर आहे. फार घाबरट. म्हणजे पुढे चांगली निरीक्षक होईल.

तुझी इंजिनं गेली. पुढच्या आठवड्यात तुझ्या हॉलमध्ये पोचतील.

आणि त्या जर्मनासमोर माझं नाव घेऊन मिरवू नकोस. मी काय देवी आहे? उडताना बघायला वगैरे मी येणार नाही. पेटलेली काडी बघायची तर स्वयंपाकघरातही दिसते.

लिदा


बायकोनूर, २८ सप्टेंबर २०००

लिदा,

आज काकड्यांबद्दल लिहितो. आपल्या पत्रांना वाचक बरेच आहेत आणि साहेबांनाही लोणच्यात रस असेलच.

तू पाठवलेल्या बरण्यांत एक आहे, झाकणावर १७ ऑगस्ट तारीख. बरणी कुठे आहे म्हणशील तर माझ्या पन्नास मीटर उंच कपाटात, तळाच्या खणात. तिच्यावर तुझा सत्तेचाळीस आहे. आता मला सांग, १७ ऑगस्टला तू कुजक्या अंड्याचं पाणी पीत होतीस की बरण्या भरत होतीस? दोन्ही एकदम करणारी बाई मला माहीत नाही.

आणि तो ठसा तुझ्या हाताचा नाही. तुझा सांध्याकडे कललेला असतो, मी तो इतक्या वर्षांत हजारदा पाहिलाय. हा शिपायासारखा सरळ उभा आहे. रजेवर जाताना तुझा नंबर तिजोरीत कुलपात असायला हवा होता. तो कुणाच्या गळ्यात होता?

तीन दिवस कुणालाही सांगितलं नाही. मी बरणी उघडायला सांगितली की दामीर इल्यासोविच कारण विचारणार. कारण सांगितलं की तुझं नाव आलं. आणि शिक्का दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. पेन्शनीला दोन वर्षं उरलीत तुझ्या, हाकलून देतील. खटलाही भरतील कदाचित. नाही उघडली, तर १७ ऑक्टोबरला उड्डाणाच्या वेळी मी खंदकात बसून चार मिनिटं मोजत राहणार.

गेल्या वर्षी मी मोजली आहेत, लिदा. परत नको.

दुसऱ्या दिवशी एक गुराखी जळका पत्रा घेऊन आला होता, कोंबड्यांच्या खुराड्याला लावू का म्हणून विचारायला. आम्ही हसलो होतो. मी घरी जाऊन रडलो, ते तुला लिहिलं नव्हतं.

तार कर. उघडू की नको, एवढंच.

वेन्या


तार
झारेचिन्स्क, ५ ऑक्टोबर २०००

बरणी उघड = लिदा


बायकोनूर, ८ ऑक्टोबर २०००

परमपूज्य सत्तेचाळीस,

उघडली! आत काय होतं माहीत आहे? काही नाही! वेल्डिंगचा सांधा आतून आरशासारखा. वाकडा आरसा आणि दिवा घालून मी दोनदा बघितलं, दामीर इल्यासोविचनी बघितलं, जर्मनानेही गुडघे टेकून बघितलं, त्याच्या पांढऱ्या मोज्यांचं वाटोळं झालं. स्वच्छ. कुणी का भरली असेना, बरणी झकास भरलीय. त्या माणसाला माझ्याकडून एक चॉकलेट दे.

तुझं नाव कुठे आलं नाही. मी सांगितलं, सीलची तार सैल वाटली. दामीर इल्यासोविच म्हणाले, “वेनिआमिन, तू म्हातारा होत चाललायस. सैल तार म्हणे! तुझ्या डोक्यातली बघ आधी.” चार दिवस गेले, उड्डाण आता २१ तारखेला. १८ ला रॉकेट हॉलबाहेर काढणार. २४ ला तर कुणी उडवतच नाही इथे, अपशकुनी दिवस, म्हणजे आमच्या हातात दोनच दिवस राखीव.

उरलेल्या चार बरण्या मी उघडल्या नाहीत. त्या ३ जूनच्या, म्हणजे तुझ्या हातच्या. ठसा बरोबर कललेला. दामीर इल्यासोविच विचारत होते, “आता याही उघडायच्या का?” मी म्हटलं, “त्या माझ्या बहिणीच्या आहेत. त्यांच्यावर मी डोळे झाकून विश्वास ठेवतो.”

आज बऱ्याच दिवसांनी झोप लागणार. आणि तो गंधकाच्या पाण्याचा प्रकार काय होता ते समक्ष भेटशील तेव्हा कान धरून विचारीन.

तुझा वेन्या


तार
झारेचिन्स्क, १४ ऑक्टोबर २०००

जूनच्या चारही उघड = पत्र येत आहे = कारण माझं नाव सांग = लिदा


झारेचिन्स्क, १४ ऑक्टोबर २०००

वेन्या,

पहिल्या विभागातले साहेब, हे पत्र अडवू नका. वाचा, चहा प्या, पण आजच्या आज पुढे पाठवा. हवी तर तुमच्यासाठी वेगळी प्रत लिहून देते.

मी आरोग्यधामात गेले नव्हते. प्रांताच्या डोळ्यांच्या इस्पितळात होते. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डाव्याचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं, उजव्याचं व्हायचं आहे. सुरुवात गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात झाली. आधी वाटलं दिवा मिणमिणतोय, मी तीनदा बल्ब बदलून घेतला. मग वाटलं आरसा जुना झाला, नवा मागवला. तोही मेला धुरकटच निघाला! मग कळलं.

कुणाला सांगितलं नाही. फेब्रुवारीपासून मी व्हॉल्व्ह बोटाने तपासत होते, वेन्या. आरसा आत घालायचा, मान हलवायची, ‘हं’ म्हणायचं, आणि बोट फिरवायचं. माझं बोट चांगलं आहे, बत्तीस वर्षांचं आहे. त्याला केसाएवढी धार लागते. पण ते जिथवर पोचतं तिथवरच. नंबर ताया वाचून सांगायची आणि मी तिच्यावर खेकसायची, “मोठ्याने वाच, मी बहिरी नाही म्हणून काय झालं!” बिचारीला वाटायचं मी तिची परीक्षा घेते. तुला मोठ्या अक्षरात पत्रं का आली, हे आता तुझ्या मठ्ठ डोक्यात शिरलं असेल.

का नाही सांगितलं? कारण सांगितलं असतं तर शिक्का गेला असता. एवढंच. बाकी काही थोर कारण नाही. नवरा गेला, मूल नाही, आणि गळ्यातल्या त्या दोरीला लटकलेलं चार अंगुळ लोखंड म्हणजेच मी, असं मला वाटत होतं. पेरेपेल्किनच्या फलकाला मी वर्षभर हसतेय आणि माझा स्वतःचा फलक मी त्याच्याहून जपून शून्यावर येऊ दिला नाही.

इस्पितळात जाताना शिक्का तिजोरीत ठेवायचा होता. पण मुकादम रडकुंडीला आला, “लिदिया प्लातोनोव्ना, दोन आठवडे माल अडेल, पताका जाईल!” मग आपल्याकडे करतात तेच केलं, दोरी काढून तायाच्या गळ्यात घातली आणि म्हटलं, “दोन आठवड्यांसाठी धर.” तुझं पत्र आल्यावर तिला चॉकलेट दिलं तुझ्या नावाने. ती रडली. तिने तो १७ तारखेचा सांधा अकरा वेळा बघितला होता म्हणे.

तू तिची बरणी उघडलीस, स्वच्छ निघाली, आणि तू मला परमपूज्य म्हणालास. डोळे झाकून विश्वास ठेवतो म्हणालास. मी ते वाचलं, डाव्या डोळ्याने. मीही डोळे झाकूनच तर तपासत होते!

५ तारखेच्या तारेतच सगळं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. वाटलं, एकच उघडून निभावेल, ताया सुटेल आणि मीही सुटेन. नऊ दिवस मी असं वाटू दिलं.

आज सकाळी सगळं लिहून पेरेपेल्किनला दिलं. त्याने वाचलं, ड्रॉवर उघडला आणि कागद आत ठेवला. म्हणाला, “लिदिया प्लातोनोव्ना, आज एकशे पंच्याऐंशीवा दिवस आहे. दोनशेवा होऊ द्या, मग बघू.” माझं निवेदनसुद्धा आजारी रजेवर गेलं. म्हणून पोस्टात आले.

गेल्या वर्षीच्या रॉकेटचं मला विचारू नकोस. मी रोज स्वतःला विचारते.

लिदा


बायकोनूर, २७ ऑक्टोबर २०००

लिदा,

तार १५ ला मिळाली. पत्र आलं नव्हतं. मी ती तार घेऊन हॉलबाहेर अर्धा तास उभा होतो. जूनच्या का? त्या तर तुझ्या! मला वाटलं, तुझ्यावर कुणी दबाव आणलाय. मग वाटलं, म्हातारी बिथरली. शेवटी तारेत जसं होतं तसंच दामीर इल्यासोविचना सांगितलं: माझी बहीण म्हणते, तिचेच चार उघडा.

ते ओरडले नाहीत. त्यांनी टोपी काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “स्वतःचे?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “मग उघडायलाच हवेत.”

तीन स्वच्छ होते. चौथ्यात, आतल्या बाजूला, सांध्याच्या कडेवर, वितळलेल्या धातूचा थेंब लटकत होता. तांदळाच्या दाण्याएवढा. मी चिमट्याने नुसता टेकवला, तर निघून तळहातावर आला. इंजिन पेटल्यावर तो पंपात गेला असता. पुढचं तुला माहीत आहे, आणि मलाही.

बोटाने मोजून बघितलं मी. माझं बोट तुझ्याहून लांब आहे. तरी दोन सेंटिमीटर कमी पडलं.

काय लिहू? टोमणा मारावा म्हटलं तर सुचत नाही. पहिल्या दिवशी तुझा राग आला, इतका की तुझं नाव घेऊन शिव्या दिल्या. पत्र आल्यावर ते वाचलं आणि परत शिव्या दिल्या. मग मला आठवलं, त्या बरण्या उघडायच्या नाहीत हे मीच सांगितलं होतं. तू तार केली नसतीस तर माझ्याच शब्दावर त्या गेल्या असत्या.

क्लिंगबाइलने तो दाणा मागून घेऊन उजेडात धरला. मग विचारलं, “कारखान्याने कळवलं?” म्हटलं, “नाही. कारखान्यात एकशे शहाऐंशी निर्दोष दिवस झालेत.” त्याने वही उघडली आणि पहिल्यांदाच काही न लिहिता मिटली. आता तो तुमच्याकडे यायला निघालाय. उड्डाण डिसेंबरात.

वेन्या


झारेचिन्स्क, २० नोव्हेंबर २०००

प्रिय वेन्का,

अक्षर बघ. मोज ओळी. उजवा डोळा ६ तारखेला झाला.

तुझा जर्मन दोनशेव्या दिवसाच्या केकच्या दिवशीच येऊन थडकला. पेरेपेल्किनला वाटलं अभिनंदन करायला आलाय, त्याने त्याला साखरेच्या रॉकेटचा टोकाचा तुकडा दिला. जर्मनाने तो हातात धरूनच विचारलं, “क्ष-किरणाचं यंत्र बघू.” बंद आहे म्हटल्यावर म्हणाला, “मग सत्तेचाळीसला भेटू.” मी पुढे झाले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ड्रॉवरमध्ये काय ठेवलंय ते. मुकादमाच्या घशात केक अडकला.

पेरेपेल्किन मात्र हुशार. फलक शून्यावर आणायला तयारच होईना. म्हणे दोष कारखान्याबाहेर सापडला, म्हणजे कारखान्याच्या हिशेबी तो झालाच नाही! मॉस्कोने त्याला ‘वेळीच दोष शोधल्याबद्दल’ मानपत्र दिलं. पुढच्या महिन्यात तो सॉसेजच्या कारखान्यात जातोय. देव त्या सॉसेजांचं भलं करो.

माझ्यावर खटला नाही. स्वतःहून कळवलं म्हणून कडक ताकीद आणि निरीक्षणातून कायमची छुट्टी. शिक्का नियमाप्रमाणे नष्ट करायचा होता, तीन साक्षीदार, तीन प्रती. लेथवरच्या एफिमने नंबर घासून काढला. चार सेकंद लागले. बत्तीस वर्षं, आणि चार सेकंद. मी रडणार नाही असं ठरवलं होतं, आणि एफिम म्हातारा आधी रडला, मग माझाही नाइलाज झाला. घासलेला तुकडा भंगारात टाकायचा होता. एफिमने वहीत ‘टाकला’ लिहिलं आणि माझ्या खिशात घातला. सोबत पाठवते आहे. माझ्याकडे नको, मी सारखी गळ्यापाशी हात नेते.

आता मी कोट ठेवायच्या खिडकीत आहे. लोक कोट देतात, मी बिल्ला देते. सत्तेचाळीसची खुंटी रिकामी ठेवते.

आता खरी बातमी. तायाला तिचा स्वतःचा नंबर मिळाला, त्रेसष्ट. पहिल्याच दिवशी तिने एकोणीसपैकी अकरा व्हॉल्व्ह परत पाठवले. अकरा! विभागात बोंबाबोंब. पताका गेली, फलक शून्यावर आला, दुसऱ्या दिवशी परत शून्य, आजही शून्य. मुकादम माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, “तुमच्या पोरीला आवरा.” मी म्हटलं, “तुमचा बिल्ला दाखवा, कोट घ्या आणि चालू लागा.” तिला कुणी चहा विचारत नाही. म्हणून मी थर्मास घेऊन जाते, आम्ही दोघी जिन्यात बसून पितो. माझ्या आयुष्यात मला कुणाचा इतका अभिमान वाटला नाही, तुझासुद्धा.

क्ष-किरणाची नळी जर्मन येऊन गेल्यावर चार दिवसांत आली. आठ महिने ती कुठे होती कोण जाणे.

लिदा


बायकोनूर, ३ डिसेंबर २०००

लिदा,

गेलं. परवा, दुपारी, उणे अठरा अंशांत, निळ्याशार आकाशात. चौथं मिनिट झालं तेव्हा तुझा लोखंडाचा तुकडा माझ्या मुठीत होता, हातमोज्यातून त्याचा वळ उमटलाय. पाचवं झालं. नववं झालं. उपग्रह सुटला. दामीर इल्यासोविचनी मला मिठी मारली आणि लगेच म्हणाले, “तुझी तार अजून सैलच आहे.”

त्यात तीन व्हॉल्व्ह तुझे होते, एक त्या अकरा वेळा बघणाऱ्या पोरीचा सत्तेचाळीसचा आणि एक तिचाच त्रेसष्टचा. जर्मनाने आधी विचारलं होतं, “ते तीन बदलायचे का?” मी म्हटलं, “नको. ते उघडून बघितलेत.” डोळे झाकून असं यापुढे मी कुणाबद्दल म्हणणार नाही, तुझ्याबद्दल तर नाहीच.

संध्याकाळी सगळ्यांसाठी तुझी जूनची बरणी काढली. खरी, काकड्यांची. लिदा, मीठ इतकं की दामीर इल्यासोविचना तीन पेले पाणी लागलं, आणि इथे पाणी दोनच तास येतं. बरणी नापास. क्लिंगबाइलने वहीत लिहून घेतलं. तो म्हणतो, दोष कळवला की निरीक्षकाला समक्ष बोलावून कारण विचारायचं असतं, आणि त्याने एप्रिलच्या उड्डाणाचा तुझ्या नावाचा पास काढलाय. पासावर हुद्द्याची रिकामी जागा होती. काय लिहू म्हणून मला विचारलं. मी सांगितलं, आमची लिदा, एवढंच लिहा.

तेव्हा पेटलेली काडी स्वयंपाकघरात दिसते वगैरे परत ऐकवू नकोस. त्या वेळी तुला तीही दिसत नव्हती, हे आता मला माहीत आहे. न्यूराच्या गाडीचं तिकीट पाठवतोय. कोटांच्या खिडकीवर आठ दिवस तायाची आई बसेल, मी तायाला पत्र टाकून विचारलंय.

ये. आता तुला दिसेल.

वेन्या